फुलं तोडायला गेलेली नवरी

नेहाच्या खोलीला आतून कडी नव्हती, बाहेरून होती. आणि गंमत बघा, ‘दरवाजा’ही फारसी आणि ‘बंद’ही फारसीच. आदिलाबादच्या भाजीबाजारात गाळा असलेल्या चंपतरावांची ही लेक मोबाइलवरच्या वर्गात ती भाषा शिकली आणि हैदराबादला फारसीच्या एम.ए.ला तिने जागाही मिळवली. मंगळवारी तिथं हजर व्हायचं होतं. बापाने रविवारीच तिला बघायला भैंसा गावचे पाहुणे बोलावले.

“ज्या भाषेत देव मंजे राक्षस, ते शिकून काय दिवे लावशीन?” म्हणून त्यांनी विषय मिटवला. देवाचा तो अर्थ नेहानेच त्यांना कौतुकाने सांगितला होता. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा!

आई, गयाबाई, साडी नेसवत होती. नेहा बोलतच सुटली. “इराणात नवरीले तीनदा इचारतात. पयल्या दोनदा ते गप्प. बाया मनतात, नवरी फुलं तोडाले गेली. तिसऱ्यांदा ते ‘बले’ मनते.”

“बळे?” गयाबाई हसली. “बळेच लगन लावतात का वं?”

“नाही व माय. बले मंजे हो.”

गयाबाईचे हात निऱ्यांवर थांबले. “मले तं कोनं एकदाबी नाही इचारलं,” ती म्हणाली.

पोहे झाले, चहा झाला. नवरामुलगा पंकज मोबाइलमध्ये गुंग. त्याच्या वडिलांनी विचारलं, “पोरी, पसंत हाय ना?”

नेहाने मान खाली घातली. बापाचे डोळे तिच्यावरच होते.

“लाजली!” चंपतराव हसले आणि त्यांनी साखरेचा पुडा उचलला.

“थांबा,” स्वयंपाकघराच्या दारातून गयाबाई म्हणाली. “पोरगी फुलं तोडाले गेली हाय.”

“इथंच तं बसली हाय!” पंकजचे वडील म्हणाले.

“नाही आली अजून. आनखी दोनदा इचारा.”

चंपतरावांनी डोळे वटारले. पाहुण्यांना मात्र मजा वाटली. त्यांनी पुन्हा विचारलं. नेहा गप्प. तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा तिने मान वर केली.

“बळे,” ती म्हणाली. “बळेच.”

याला दुभाष्या लागला नाही. भैंशाची मंडळी चपला शोधू लागली.

संतापलेल्या चंपतरावांनी खोलीची कडी बाहेरून लावली. नेहा रात्रभर रडली. सोमवारी सकाळी ते बाजारात गेले, तशी कडी वाजली. दारात गयाबाई उभी होती, हातात नेहाची बॅग.

“एकदाच इचारतो. जातं का हैदराबादले?”

“बले,” नेहा म्हणाली.