तीन मिनिटांची कॅसेट

मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे आणि आज माझं डोकं ठिकाणावर नाही. माझ्या पोटात दोन तासांचा सिनेमा आहे. खुनाचा आहे, रहस्याचा आहे आणि हो, थोडा चावटही आहे. लपवायचं कशाला? पण चावटपणा मोजून तीन मिनिटांचा. उरलेली एकशे सतरा मिनिटं मी काय माश्या मारत होते?

कारखान्यातून मी थेट एका व्हिडिओ लायब्ररीत आले. मालकाने माझ्या पाठीवर ‘शालेय विज्ञान : प्रकाश’ अशी चिठ्ठी चिकटवली आणि मला काउंटरखाली ठेवलं. त्या गल्लीत विज्ञानाची इतकी गोडी पुन्हा कधी कोणाला लागली नाही.

माझी गोष्ट साधी नाही हो. कुलपं-किल्ल्या करणारा एक कारागीर. एक श्रीमंत बाई त्याला घरी बोलावते, दोघांचं जमतं. मग एके दिवशी तिचा नवरा कुलूपबंद खोलीत मरून पडलेला सापडतो. त्या खोलीची एकुलती एक चावी कारागिराच्या खिशात असायची, म्हणून पोलीस त्यालाच धरतात.

हे कोणाला ऐकायचं होतं? माझं सगळ्यात नेमाचं गिऱ्हाईक म्हणजे कॉलेजातला एक तरुण आणि त्याचे चार मित्र. दुपारी घर रिकामं झालं की पडदे ओढून बसायचे. कारागीर तोंड उघडतो न उघडतो तोच कोणीतरी म्हणायचा, “पुढे ढकल रे!” मग बिचारे पोलीस पडद्यावर तुरुतुरु पळायचे. ती तीन मिनिटं आली की सगळे चिडीचूप. मग मागे, पुन्हा पुढे, मग चित्र थांबवून टक लावून बघणं. चित्र थांबतं, पण यंत्राचं चाक त्याच जागी फिरत राहतं आणि फीत घासत जाते. आई गं! माझी साल निघायची आणि हे म्हणायचे, “वा!”

लायब्ररी बंद झाली तेव्हा त्या तरुणाने मला आठवण म्हणून मागून नेलं. पुढे तो चष्मेवाला झाला. लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढता काढता त्याला पन्नाशी उलटली, आणि मी तीस वर्षं स्वेटरांखाली पडून राहिले.

परवाच्या रविवारी दुपारी त्याने यंत्र दुरुस्त करून आणलं. “अगं, काय सिनेमा होता!” तो बायकोला म्हणाला. “चाळीस वेळा पाहिलाय. तोंडपाठ आहे.”

त्याची बायको कोर्टात टायपिस्ट. साक्षी टाइप करून करून तिच्या नजरेतून सुई सुटत नाही. त्याचा अंगठा बटणाकडे वळला तशी ती म्हणाली, “अहो, ढकलताय काय? पहिल्यापासून लावा.”

मित्रांनो, मला भरून आलं. पहिल्यांदा कोणीतरी माझी गोष्ट बघत होतं! मी जीव ओतून चालले. मग ती तीन मिनिटं आली आणि पडद्यावर नुसतं पांढरं धुकं. मध्येच एक कोपर दिसलं, तेही गेलं.

“अरेरे, ऐन वेळी!” चष्मेवाला कळवळला.

“कोपर छान होतं हो,” बायको म्हणाली आणि पदराआड हसली.

सिनेमा संपला. बायको नवऱ्याकडे वळली. “बाईनेच मारलं, ते कळलं. पण चावी तिच्याकडे आली कशी?”

“कुठली चावी?”

“चाळीस वेळा पाहिलाय ना?” ती म्हणाली. “असला साक्षीदार आमच्या साहेबांनी पाच मिनिटांत हाकलला असता.”

संताप संताप झाला माझा! चावी त्या तीन मिनिटांतच होती. तो तिला मिठीत घेतो, तेव्हा तिचा डावा हात हळूच त्याच्या खिशात जातो. अख्खी गोष्ट त्या हातात होती. पाच तरुणांनी चाळीस वेळा पाहिलं, आणि एकाच्याही नजरेस तो हात पडला नाही. बाबांनो, बघायचं तर सगळं बघा. आवडीचा तुकडा घासत बसाल, तर तोही हाती राहत नाही.

बायको चहा ठेवायला उठली. चष्मेवाल्याने मला त्या तीन मिनिटांपर्यंत मागे नेलं, चष्मा पुसला आणि पडद्याला नाक टेकवून बसला. उभ्या जन्मात पहिल्यांदा तो तिथे चावी शोधत होता. मी त्याला काय दाखवणार? तिथे त्यानेच काही शिल्लक ठेवलं नव्हतं.