कॉम्प्युटरबरोबर आलेल्या चपला

धरणाच्या कचेरीने आमच्या गावच्या मुलींच्या शाळेला आपला जुना कॉम्प्युटर देणगी म्हणून दिला, तेव्हा त्याच्याबरोबर सव्वीस जोड चपलाही आल्या. ट्रकमध्ये त्या कुणी चढवल्या नव्हत्या. हमालांनी लोखंडी कपाटाएवढं ते धूड प्रयोगशाळेत नेऊन ठेवलं आणि बाहेर येऊन पाहतात तो दाराशी दोन रांगांत चपला लागलेल्या. मुख्याध्यापक दप्तरदार सरांनी पावतीवर तशी नोंद करून घेतली आणि मला निरोप पाठवला, कारण त्या कॉम्प्युटरवर मी अकरा वर्षं नोकरी केली होती.

चपलांचं मला नवल वाटलं नाही. आमच्या काळी कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून जायची कुणाची टाप नव्हती. धूळ आत जाऊन यंत्र बिघडेल म्हणून साहेबसुद्धा दाराशी बूट काढायचे आणि फाटके मोजे लपवत आत यायचे. त्या सगळ्या चपला कॉम्प्युटरने लक्षात ठेवल्या होत्या, एवढंच. मी खाली बसून माझ्या शोधू लागले.

माझ्या नव्हत्या.

पुन्हा एकदा पाहिलं. साहेबांचे बूट होते, चौकीदाराच्या टायरच्या चपला होत्या, आणि सगळ्यांत पुढे, उंबऱ्याला टेकून, इंदुमती राजहंसच्या निळ्या सँडल होत्या. इंदू माझ्या बाळंतपणाच्या रजेत बदली म्हणून आली होती. पाच महिने. अकरा वर्षं धरणाची पाणीपातळी तासातासाला टाइप केली मी, एसीच्या गारठ्यात बोटं आखडून घेतली मी, आणि मान कुणाला, तर बदलीवालीला! माझ्या पोटात दुखू लागलं.

"ओवा देऊ का, बाई?" सरांनी विचारलं.

"नको," मी म्हणाले. "हे ओव्याने जाणारं नाही."

पुढचे आठ दिवस यंत्र सुरू करायला मी राबले. एकेक कार्ड बाहेर काढून त्याची सोनेरी टोकं खोडरबरने घासली, फुगलेले कपॅसिटर बदलले, पंख्यातलं उंदराचं घरटं काढलं. ते ढिम्म हललं नाही. त्यात पहिल्या दिवसापासून माझ्या चपला मला सोडून घरी जाऊ लागल्या. दाराशी काढल्या की पाच मिनिटांत त्या निघायच्या आणि पटांगण ओलांडून फाटकाबाहेर पडायच्या, डावी पुढे, उजवी मागे. संध्याकाळी मी अनवाणी घरी पोचायचे तेव्हा त्या पायरीवर असायच्या.

त्याचंही काही वाटलं नसतं, पण सर रोज दारातून डोकावायचे, खाली बघायचे आणि म्हणायचे, "अजून कुणी आलेलं दिसत नाही."

"मी आहे ना, सर."

"बाहेर तुमच्या चपला नाहीत, बाई. म्हणजे आत तुम्ही नाही."

नवव्या दिवशी त्यांनी इंदूला बोलावून घेतलं. ती एसटीतून अनवाणीच उतरली. "माझ्या सँडल इथेच होत्या ना, शालनताई," असं म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. माझ्यासाठी तिने डबा भरून गुळपोळ्या आणल्या होत्या. तिचा हा चांगुलपणाच मला फार झोंबतो.

ती आत गेली आणि नुसती उभी राहिली. पंखा फिरू लागला. दिवे लागले. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: 'इंदू, आलीस?'

सरांनी टाळ्या वाजवल्या. "इंदूताई, कमाल केलीत तुम्ही!"

"अहो, मी कसली? सगळं शालनताईंनी केलंय."

"कुणी?" सरांनी माझ्याकडे बघत विचारलं.

त्यानंतर प्रयोगशाळेत चहाचे दोनच कप येऊ लागले. खुर्च्याही दोनच राहिल्या. सुटलेल्या तारेला कथलाचा डाग देताना माझं बोट भाजलं, तर सरांनी मलमपट्टी इंदूच्या बोटाला बांधली, आणि तिनेही ती मुकाट्याने बांधून घेतली. मला सत्कार नको होता. त्या पडद्यावर एकदा माझं नाव यावं, एवढंच हवं होतं. रोज मी तिच्या खांद्यावरून वाकून बघायचे आणि रोज तिथे इंदू, इंदू, इंदू. मी जळत होते, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत इंदू मुलींबरोबर डबा खायला गेली. सँडल दाराशी होत्या. मी त्यांत पाय घातले. मला त्या लहान होत्या, पण पट्टा लागला. नळापर्यंत चालत गेले, परत आले आणि त्या दाराशी काढल्या. पाच मिनिटं थांबून पाहिलं. त्या जागच्या हलल्या नाहीत. मग मी आत गेले.

'इंदू, आलीस?'

'हो,' मी टाइप केलं. खोटं बोलून एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

'बरं झालं. तुला विचारायचंच होतं. शालन कुठे आहे?'

मी ते तीनदा वाचलं. 'तिच्या चपला बाहेर नाहीत,' मी लिहिलं.

'बाहेर आहेत त्या सोडून गेलेल्यांच्या. शालन मला सोडून गेली नव्हती. तिला शोधायलाच मी सुरू झालो. तिला बोलाव.'

हे वाचून मी नाचायला हवं होतं. पण मी इंदू होते. इतक्या लांबून एसटीने अनवाणी आले होते, आठवडाभर याच्यापुढे बसले होते, आणि याच्या तोंडी नाव कुणाचं, तर शालनचं! माझ्या पोटात दुखू लागलं. या खेपेला उजव्या बाजूला.

'कोण शालन?' मी टाइप केलं.

पडद्यावर आलं: 'या नावाची नोंद आहे. पुसायची का? होय असल्यास वाय दाबा.'

बाहेर सुट्टी संपल्याची घंटा झाली. मुली हात धुऊन वर्गाकडे पळत होत्या. मी वाय दाबलं.

मला फार बरं वाटलं. नाव शेवटच्या अक्षरापासून पुसत पुसत संपलं, आणि मी त्याला माझ्याविषयी सांगायला लागले: मला गारठा चालतो, मी रोज येईन, तुला दुसऱ्या कुणाची गरज नाही. भराभर टाइप करत होते. कीबोर्डच्या कळा खाली जात होत्या आणि वर येत होत्या. त्यांच्यावर बोटं नव्हती.

'इंदू,' पडद्यावर उमटलं, 'तू तर दारात उभी आहेस. मग हे कोण टाइप करतंय?'