विकण्याचं कारण

घर विकायला निघालेल्या माणसाला मी पहिल्यांदा एकच गोष्ट सांगायचे. का विकताय, ते कुणाला सांगू नका. मलाही नको. गरजवंताला अक्कल नसते असं म्हणतात. माझं म्हणणं, अक्कल असते, भाव नसतो. समोरच्याला गरज कळली की बसल्या जागी दहा हजार खाली.

पनवेलच्या रजिस्ट्री कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये माझं टाइपरायटरचं टेबल होतं. नवरा गेल्यावर मांडलेलं. करारनामे, खरेदीखतं, प्रतिज्ञापत्रं. टायपिंगचे पैसे घ्यायचे, सल्ला फुकट. नवीन पनवेलची घरं तेव्हा हातोहात विकली जात होती आणि वकिलांच्या विकतच्या सल्ल्यापेक्षा माझ्या फुकट सल्ल्याला गिऱ्हाईक जास्त होतं. त्याचा मला माज होता. होता म्हणते, कारण आता नाही.

त्र्याण्णव साली, दिवाळी झाल्यावर कमलाकर टिपणीस माझ्याकडे आले. छपन्न वर्षांचे, किरकोळ अंगाचे, फार हळू बोलणारे. रसायनीकडे एका कारखान्यात स्टोअरकीपर होते, तो कारखाना वर्षापूर्वी बंद पडला होता. घरात ते आणि बायको कुमुद, मूलबाळ नाही. नवीन पनवेलच्या सेक्टरमधलं तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर विकायचं होतं. त्यांच्या हृदयाच्या नसा बंद झाल्या होत्या, आणि दोन महिन्यांच्या आत ऑपरेशन करा असं मुंबईच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या ऑपरेशनसाठी घर विकत होते. पण हे त्यांनी मला सांगितलं नाही. मीच नको म्हटलं होतं ना!

गुणी माणूस. मी सांगितलेलं सगळं ऐकलं. सोसायटीचं येणेबाकी नसल्याचं पत्र आणलं, लाइटबिलं लावून ठेवली, स्वयंपाकघराला चुना काढला. जिन्याचं मी वेगळं सांगितलं होतं. "तिसरा मजला म्हटलं की लोक नाक मुरडतात. तुम्ही स्वतः खाली जा, गिऱ्हाइकाला गप्पा मारत वर आणा. मालकच हसत चढतोय म्हटल्यावर कुणी पायऱ्या मोजत नाही." त्यांनी वहीत लिहून घेतलं. अकरा गिऱ्हाइकं आली. अकरा वेळा ते खाली उतरले आणि हसत, बोलत वर चढले.

अकरातली दोन टिकली. पहिला सुदाम, पळस्प्याच्या नाक्यावर विटा-रेतीचा धंदा करणारा. तो थेट माझ्या टेबलाशीच येऊन बसला.

"बाई, एक सत्तर रोख हायत. उद्या मोजून देतो, परवा चावी द्या. पोराचं लगीन हाय, मला बी घाई हाय."

"आणि करारात किती लिहू?"

"लाख लिवा की."

"आणि वरचे सत्तर? देवाच्या पेटीत टाकले म्हणून लिहू?"

तो हसला. "सगळीच करतात, बाई. मी काय येगला हाय?"

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे विश्वजीत आणि अनुया, नवीन लग्न झालेलं जोडपं. दोघंही नोकरी करणारी, सरळ. दोन लाख द्यायला तयार, सगळे चेकने. पण त्यातले एक लाख वीस बँकेच्या कर्जाचे. म्हणजे हस्तांतराची परवानगी, मग बँकेचा वकील कागद बघणार, इंजिनिअर घर बघणार, मग मंजुरी, मग चेक. पाच आठवडे तरी, कदाचित सहा. मला ही पोरं आवडली होती. कर्जाने घर घेणाऱ्यांचे कागद स्वच्छ राहतात.

कमलाकर दुसऱ्या दिवशी आले आणि स्टुलावर बसून राहिले. मी कुणाचंतरी प्रतिज्ञापत्र टाइप करत होते.

"शशिकलाबाई, समजा एखाद्याचं काम एक सत्तरमध्ये होतंय. पण मग बायकोसाठी घर उरत नाही. दोन लाख आले तर काम होऊन विचुंब्याला एक खोली घेता येते. पण थांबावं लागतं. तर त्याने काय करावं?"

मी मान वर केली नाही. "थांबावं. घर एकदा हातचं गेलं की पुन्हा होत नाही. पाच आठवड्यांचं काय एवढं?"

"बायकोला स्वतःचं छप्पर हवंच, नाही का?"

"हवंच. मी विधवा आहे, मला विचारा."

हे मी म्हटलं. ह्याच शब्दांत म्हटलं. ते 'बरं' म्हणाले आणि उठले.

विश्वजीतबरोबरचा करार मीच टाइप केला. विकणाऱ्याच्या तोंडी एक ठरलेलं वाक्य असतं, 'मला घरगुती अडचणीकरिता पैशांची निकड असल्याने'. लखपतीच्या करारातही असतं. कमलाकरांनी वाचताना त्यावर बोट ठेवलं. "हे खरंच लिहिलंत की." मी म्हटलं, "सगळ्यांच्याच कागदात असतं, कुणी वाचत नाही." ते हसले, मीही हसले. मग त्यांनी सही केली. सुदामला मी निरोप धाडला की घर दिलं गेलं.

बँकेने उशीर केला असं मी म्हणणार नाही. सगळं वेळेत चाललं होतं. पाचव्या आठवड्यात इंजिनिअर येऊन गेला, त्यालाही कमलाकर खालून घेऊन आले. सहाव्या आठवड्यात मंजुरीचं पत्र आलं. त्याच्या चार दिवस आधी, सकाळी दूध घेऊन वर येताना ते दुसऱ्या मजल्यावर जिन्यात टेकले आणि तिथेच गेले.

मी भेटायला गेले तेव्हा शेजारणी म्हणत होत्या, चालताबोलता गेले, पुण्यवान माणूस. बाकीच्या उठून गेल्यावर कुमुदवहिनींनी कपाटातून डॉक्टरांची फाइल काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"कुणालाच माहीत नव्हतं. तुम्ही सांगितलं होतं ना, कारण कळलं की भाव पडतो. मी रोज म्हणायचे, त्या सुदामला देऊन मोकळे व्हा. तर म्हणायचे, शशिकलाबाईंना ह्यातलं कळतं."

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. इतकी वर्षं मी लोकांना फुकट शहाणपण वाटत आले, आणि एक माणूस माझ्या टेबलाशी बसून स्वतःच्या जिवाचं विचारत होता, तर मी मानसुद्धा वर केली नव्हती.

विश्वजीत येऊन म्हणाला, काकूंना विकायचं नसेल तर आमचा बयाणा तेवढा परत द्या, आमची काही तक्रार नाही. वहिनी म्हणाल्या, "त्यांनी शब्द दिलाय." घराच्या कागदावर वारस म्हणून वहिनींचं नाव लागायला चार महिने गेले. पोरांनी तेवढं कर्ज धरून ठेवलं. खरेदीखत झालं, दोन लाख पूर्ण आले. मी टायपिंगचे पैसे घेत नव्हते, तर वहिनींनी नोटा माझ्या कागदांखाली सारल्या.

तोवर मी विचुंब्याला एक खोली बघून ठेवली होती. कागद निर्मळ, नळाचं पाणी, तळमजला. माझ्याकडून दुसरं काय होणार होतं?

"मला विकतची नको," वहिनी म्हणाल्या. "भाड्याची बघा."

"अहो, भाडं म्हणजे पाण्यात पैसे. दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलवा. हातात रक्कम आहे तर स्वतःचं..."

मी तिथेच तोंड मिटलं.

जुन्या पनवेलमध्ये माझ्या ओळखीच्या बाईंनी मागच्या अंगाची खोली भाड्याने काढली होती. मी वहिनींना घेऊन गेले. एकच खोली, कोपऱ्यात मोरी, ओटा, दाराला लागून अंगण. एकही पायरी नाही. वहिनी मधोमध उभ्या राहिल्या. मग भिंतीशी गेल्या, तिथून समोरच्या भिंतीपर्यंत हळूहळू पावलं टाकली. पुन्हा खिडकीकडे वळून तशीच मोजली. मला वाटलं, कपाट कुठे लावायचं ते बघताहेत.

"पुरली असती हो," त्या म्हणाल्या. "दोघांना पुरली असती."

घरमालकीण दारात उभी होती. तिने मला हळूच विचारलं, दोघं कोण, राहायला किती माणसं येणार?

मी म्हटलं, एकच.