सात नंबरचा पडदा

"सही करणार नाही," मावशी म्हणाली आणि कागद साहेबांच्या टेबलावर पालथा घातला.

माझी सख्खी मावशी. वॉर्डात नर्स, सव्वीस वर्षं. कागदावर लिहिलं होतं, महिन्यात एकेचाळीस वेळा रिकामी बसलेली आढळली. खाली कबुलीची जागा.

"सिस्टर, मी नाही म्हणत. कॅमेरा म्हणतो."

"मग इंजेक्शनं द्यायला त्यालाच पाठवा की!"

मी दाराशी उभा. कॅमेऱ्यांच्या खोलीत माझीच नोकरी. आणि खरं सांगतो, पाप माझंच. सुरुवातीला मशीनला शिकवायचं काम माझ्याकडे होतं. नर्सचं चित्र आलं की बटण दाबायचं, कामात की रिकामी. उभी असली की कामात. बसलेली असली की रिकामी. दिवसाला दोन हजार चित्रं, कोण डोकं लावतो? मशीन शिकलं. एकही बसलेली सोडत नाही आता.

जिन्यात मावशीला सगळं सांगून टाकलं. वाटलं, कानाखाली बसणार.

"मेल्या, मला विचारायचंस तरी! ज्याचं कोणी येत नाही ना, त्याच्या शेवटच्या वेळी मी बसते. उभं राहिलं की त्याला वाटतं, ही निघाली."

"सही कर गं. घरी बसवतील."

"बसवू देत. आणि काय रे, माणूस जातानासुद्धा ह्यांना बघायचंय? त्याला विचारलं कुणी?"

मी कॅमेऱ्यांच्या खोलीत परतलो.

दुपारी सात नंबरच्या आजोबांना धाप लागली. स्क्रीनवर दिसत होतं. डॉक्टर आले, मान हलवून गेले. मावशीनं स्टूल ओढलं, बसली. लगेच तिच्याभोवती लाल चौकट. ती उठली. थेट कॅमेऱ्यात बघितलं, म्हणजे माझ्याकडेच. आणि खाटेभोवतीचा पडदा सर्रकन ओढून घेतला.

फोन वाजला. साहेब.

"तिला पडदा उघडायला सांग. आत्ता."

"नाही सांगणार."

"नोकरी नकोय का?"

"हवीये. तरी नाही सांगणार." "मशीनला चुकीचं मी शिकवलंय, साहेब. तो कागद इकडे पाठवा. सही मी करतो."

फोन ठेवला. पडद्याखालून स्टुलाचे पाय दिसत होते आणि मावशीचे पांढरे बूट. लाल चौकट जरा वेळ इकडेतिकडे शोधत राहिली, मग विझली.

बूट हलले नाहीत.