समाधी लागलेला लॅपटॉप आणि महादेवीची पर्स

मंगल कार्यालयात त्या दिवशी लग्न नव्हतं, तरी दाराशी चपलांचा ढीग लग्नाला लाजवेल एवढा होता. आत नवरा-नवरीच्या जागी पाट मांडला होता. पाटाभोवती रांगोळी, पाटावर जरीकाठाचं कापड आणि कापडावर झेंडूचा हार घालून उघडा ठेवलेला एक वापरलेला लॅपटॉप. त्याच्या झाकणावर विभूतीचे तीन आडवे पट्टे ओढले होते.

शेजारी यंत्रस्वामी बसले होते. हातात चांदीचा, विभूतीचा करंडा. डोळे मिटलेले. त्यांनी करंडा अलगद लॅपटॉपच्या उजव्या कडेवरून फिरवला आणि उजळलेला स्क्रीन क्षणात काळा झाला.

"समाधी!" स्वामी पुटपुटले.

"समाधी! समाधी!" गर्दी ओरडली.

स्वामींनी करंडा बाजूला घेतला. स्क्रीन पुन्हा उजळला. बायकांनी कानशिलांवर बोटं मोडली, पुरुषांनी मोबाईल वर धरले आणि मागून कुणीतरी "हर्र बोला हर्र!" अशी आरोळी ठोकली.

पहिल्या रांगेत बसलेल्या ईरप्पाच्या अंगावर काटा आला. सोलापूरच्या नवी पेठेतल्या कापड दुकानात गादीवर बसून साड्या दाखवण्यात त्याची हयात गेली होती, पण असं जरीवर बसलेलं आणि असं झोपणारं यंत्र त्यानं पाहिलं नव्हतं.

ईरप्पाला लॅपटॉप हवा होता तो मुलीसाठी. शिवानी फिजिक्स घेऊन बीएस्सी झाली होती आणि तिला घरून करायचं काम मिळालं होतं. पंधरा दिवसांनी, सोमवारपासून प्रशिक्षण. अट एकच, लॅपटॉप स्वतःचा हवा. नवा परवडणार नव्हता. शिवानी म्हणत होती, ऑनलाईन लिलावात चांगले जुने मिळतात, आपण नीट बघून घेऊ. तिची आई महादेवी हिची भिशी नुकतीच लागली होती. ते पैसे वाया गेले तर लॅपटॉपही नाही आणि नोकरीही नाही, इतका साधा मामला होता.

पण 'लिलाव' हा शब्द ईरप्पाच्या कानावर पडला आणि तिथंच घोटाळा झाला. त्यांच्या गल्लीतल्या देवळात उत्सव संपला की देवापुढच्या नारळाचा सवाल निघायचा. सवाल म्हणजे लिलाव. त्यात माघार घ्यायची नसते, कारण बोली देवाला असते. नारळ वाजवून बघायचा नसतो, कारण तो प्रसाद असतो. आणि जिंकणाऱ्याला हार घालून, हलगी वाजवून, पैसे जागेवर मोजून घ्यायचे असतात. गेली कित्येक वर्षं तो नारळ ईरप्पाच्या घरी येत होता. एका वर्षी तर समोर कुणी उरलं नाही, तेव्हा त्यानं स्वतःच्याच बोलीवर बोली चढवली होती. अशा माणसाला लॅपटॉपचा लिलाव आहे, आणि तोही स्वामींचा, असं कळल्यावर तो घरी थांबतोय होय?

"हा जीव बंगळूरच्या कंपनीत होता," स्वामी लॅपटॉपकडे बोट दाखवून सांगत होते. "रात्रंदिवस परदेशी लोकांचे हिशेब! थकला, भागला. आम्ही ह्याला दीक्षा दिली."

"बॅटरी किती वेळ चालते?" शिवानीनं विचारलं.

स्वामी करुणेनं हसले. "बाळ, तुझे श्वास किती उरलेत, सांगता येतं का तुला?"

"मला नाही येत. पण बॅटरीचं येतं. लॅपटॉपच सांगतो. हात लावून बघू?"

"सोवळ्यातला आहे!" स्वामींनी करंडा आडवा धरला. स्क्रीन लगेच काळा. "बघा, बघा! शंकेचा नुसता वास आला तरी समाधीत जातो."

मग स्वामींनी नियम सांगितले. लिलाव सगळ्यांना माहीत असलेल्या वेबसाईटवरच चालला होता, बोली मोबाईलवरून लावायची आणि मोठ्या पडद्यावर ती दिसणार. पण पैसे मात्र वेबसाईटवर भरायचे नाहीत, स्वामींच्या क्यूआर कोडवर भरायचे. "देव आणि भक्ताच्या मधे कंपनी कशाला?" लॅपटॉप घरी नेला की अकरा दिवस देव्हाऱ्यात ठेवायचा. उघडायचा नाही.

"वेबसाईटवर तक्रार करायला सातच दिवस असतात," शिवानी वडिलांच्या कानात म्हणाली. "आणि पैसे बाहेर दिले तर तेही नाहीत."

"गप की गं," ईरप्पा कुजबुजला. "स्वामी बघायलेत."

शेजारी टेंभुर्णीचे कुंडलिक बसले होते. त्यांनी गेल्या महिन्यात असाच एक लॅपटॉप नेला होता. अकरा दिवसांनी उघडला तर तो मेलेला निघाला.

"मग परत आला व्हय तुमी?" ईरप्पानं विचारलं.

"दुसरा न्यायला आलोय," कुंडलिक म्हणाले. "पहिल्यात चूक आमचीच. स्वामी म्हनले, घरात विटाळ झाला. सुनेची सावली पडली म्हने देव्हाऱ्यावर. लई बोललो तिला. माहेरी गेली ती."

शिवानीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि मग सरळ स्वामींना विचारलं, "स्वामी, समाधी उजव्या कडेलाच का लागते? डावीकडून करंडा फिरवा की एकदा."

स्वामींनी डोळे वटारले. "शंका घेणाऱ्याच्या घरात नेट टिकत नाही," ते म्हणाले, आणि अर्ध्या गर्दीनं घाबरून आपापल्या मोबाईलची रेंज तपासली.

लेकीच्या तोंडाळपणाचं प्रायश्चित्त म्हणून महादेवी उठली. पाटासमोर वाकून नमस्कार करायचा, तर हात मोकळे हवेत. तिनं हातातली पर्स पाटाच्या उजव्या कोपऱ्यावर, लॅपटॉपला खेटून ठेवली आणि डोकं टेकवलं.

"यंत्र आता पूर्ण जागृत आहे," स्वामी सांगत होते, "आमच्या आज्ञेशिवाय ते..."

स्क्रीन काळा झाला.

स्वामींनी आपल्या मांडीवरच्या करंड्याकडे पाहिलं. करंडा मांडीवरच होता. महादेवीनं दचकून पर्स उचलली. स्क्रीन उजळला. घाबरून तिनं पर्स पुन्हा खाली ठेवली. स्क्रीन काळा. उचलली, उजळला.

"अगं बया," सुंदरम्मा नावाची म्हातारी उठून उभी राहिली. "पर्समंदी स्वामींपेक्षा जास्त पॉवर हाय की!"

पुढचं सगळं फार भराभर घडलं. सुंदरम्मानं पर्सपुढे लोटांगण घातलं. कुणीतरी लॅपटॉपच्या गळ्यातला हार काढून पर्सला घातला. एका माणसानं पोराच्या लग्नाचं विचारलं आणि पर्सची चेन थोडी उघडी आहे म्हणजे होकार, असा अर्थ त्यानं स्वतःच लावून घेतला. कुंडलिकांनी पर्सपुढे पन्नासची नोट ठेवली. महादेवी मधोमध उभी. आयुष्यात तिच्या वस्तूंना नमस्कार कुणी केला नव्हता, तिला तर नाहीच. तिनं नकळत पदर सावरला आणि आशीर्वादाचा हात थोडासा वर नेला.

"आई!" शिवानी ओरडली.

"व्हय गं, व्हय," महादेवीनं हात खाली घेतला. "बघत होते जरा कसं वाटतंय ते."

हाराचे दोरे कापायची कात्री पाटाखाली होती. शिवानीनं ती घेतली, पर्स ओढली आणि झाकणाच्या आतला अस्तराचा कोपरा कापला. लोक किंचाळले. आतून नाण्याएवढी गोल चकती निघाली आणि टक्कन कात्रीला चिकटली.

"हे लोहचुंबक," शिवानी म्हणाली. "पर्स आपोआप मिटावी म्हणून शिवलेलं असतं. लॅपटॉपचं झाकण मिटलं की स्क्रीन झोपतो ना? झाकण मिटलं हे त्याला कसं कळतं? झाकणाच्या कडेला असंच एक बारीक चुंबक असतं आणि खाली, कीबोर्डच्या कडेला, त्याची चाहूल घेणारा एक छोटा भाग. त्या भागाजवळ कुठलंही चुंबक आलं की त्याला वाटतं, झाकण मिटलं. मग तो झोपतो. ह्या लॅपटॉपमधे तो भाग उजवीकडे आहे, म्हणून समाधी उजवीकडे. आता स्वामींचा करंडा बघू."

"करंड्याला हात लावू नका, भस्म व्हाल!"

शिवानीनं हात लावला नाही. तिनं नुसती कात्री पुढे केली. करंडा स्वामींच्या मांडीवरून सरकला, कात्रीला जाऊन चिकटला आणि उलटा लोंबकळला. विभूती सांडली. करंड्याच्या तळाला काळं, जाड चुंबक डिंकानं चिकटवलेलं होतं.

एवढ्यानं खेळ संपावा ना? पण नाही.

"चुंबक असंल," कुंडलिक विचार करून म्हणाले, "पण स्वामींनी बोलावल्याबगर ते आलं असतं का?" आणि लोकांनी माना डोलावल्या.

ईरप्पाचं तर ह्यातल्या कशाकडेच लक्ष नव्हतं. त्याची नजर मोठ्या पडद्यावर होती. लिलाव संपायला दोन मिनिटं उरली होती आणि 'शरणभक्त१०८' नावाच्या कुणीतरी त्याची बोली पुन्हा ओलांडली होती. संध्याकाळपासून तो हेच करत होता. ईरप्पा चढला की हा लगेच थोडासा वर. भिशीचे पैसे आता संपत आले होते.

"पप्पा, पुरे," शिवानी त्याच्याजवळ येऊन बसली.

"हरू म्हणतीस? पेठेत तोंड कसं दाखवू?"

"दुकानात गिऱ्हाईक घडी न मोडता साडी न्यायला लागलं, तर काय म्हणता तुम्ही?"

"घडी मोडून बघा म्हणतो," ईरप्पाचं तोंड सवयीनं चालू झालं. "पदर उजेडात बघा, काठ उलटा करून बघा, धागा ओढून बघा, मगच..." तो थांबला. "पण देवाचा नारळ कोण वाजवून बघतंय गं?"

"तो नारळ असतो पप्पा. आणि देवळाच्या सवालात समोर कोण बोलतंय ते तरी दिसतं."

हे मात्र ईरप्पाला लागलं. खरंच की. सवालात समोरचा माणूस दिसतो. त्याच्या डोळ्यात बघून बोली चढवायची, त्यातच तर मजा. तो उठला आणि देवळात लावायचा तो खणखणीत आवाज त्यानं लावला.

"शरणभक्त कोण हाय? उठून उभं ऱ्हावा! सवाल तोंड दाखवून करायचा असतोय!"

कुणी उठलं नाही. सगळे एकमेकांकडे बघू लागले. ईरप्पानं मोबाईल शांतपणे खिशात टाकला. हयातीत पहिल्यांदा तो सवालातून मागं हटला होता. पडद्यावर आकडे उतरत गेले. पाच. तीन. शून्य.

मागच्या कापडी पडद्याआडून मोबाईल टिंग वाजला आणि त्यातली बाई गोड आवाजात म्हणाली, "अभिनंदन! हा लिलाव तुम्ही जिंकला आहात."

"आयला," पडद्याआडून आवाज आला.

सोलापूरच्या माणसाला सवाल जिंकणारा सापडला की तो सोडत नाही. चौघांनी पडदा बाजूला केला. आत स्वामींचा भाचा महेश्वर वडा खात बसला होता, एका हातात मोबाईल. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. पर्सच्या गळ्यातला हार आता त्याच्या गळ्यात पडला. हलगी नव्हती, तर एकानं प्रसादाचं ताट वाजवलं.

"पैसे जागेवर!" ईरप्पा गरजला. "रीत हाय ती!"

"जागेवर! जागेवर!" गर्दीनं ठेका धरला. महेश्वर खांद्यावरून मामाकडे केविलवाणं बघत होता. "मामा, कुठून देऊ? सांगा की ह्यांना!"

"अहो, सोडा त्याला!" स्वामींचा तोल गेला. "त्याला कुठं घ्यायचाय? तो फक्त बोली चढवायला बसलाय!"

ताट वाजायचं थांबलं.

स्वामींना आपण काय बोललो ते सगळ्यांच्या नंतर कळलं.

ईरप्पा पाटापाशी गेला. दुकानात साडी सोडवतो तसं त्यानं लॅपटॉपखालचं जरीचं कापड एका झटक्यात ओढलं. खालून चार्जरची वायर निघाली, थेट भिंतीपर्यंत गेलेली. त्यानं ती उपटली. लॅपटॉप जागच्या जागी विझला. ह्या वेळी त्याच्या जवळ ना करंडा होता ना पर्स.

"बॅटरीच गेलीय," शिवानी म्हणाली. "ही खरी समाधी."

कुंडलिक खाली बसले. "म्हंजे सुनेचं काय बी नव्हतं," ते हळूच म्हणाले. मग उठले, पर्सपुढची पन्नासची नोट परत घेतली आणि महेश्वरला धरून ठेवलेल्या पोरांना म्हणाले, "ह्यांना पोलीस चौकीत न्या. माझी तक्रार पयली लिवा. मला मग सुनेच्या माहेरी जायाचंय."

शिवानीसाठी लॅपटॉप त्याच वेबसाईटवर घेतला, दुसऱ्या विक्रेत्याकडून, ज्यानं विचारल्याबरोबर चालू लॅपटॉपचा व्हिडिओ आणि बॅटरीची अवस्था पाठवली. किती रुपयांपर्यंत जायचं ते तिघांनी आधीच ठरवलं. पहिला लॅपटॉप त्या आकड्याच्या वर गेला, तेव्हा ईरप्पा बोटं मुठीत धरून बसला, पण मागं हटला. दुसरा मिळाला. पैसे वेबसाईटवरच भरले. प्रशिक्षणाच्या आदल्या दिवशी, रविवारी, पार्सल आलं ते नवी पेठेतल्या दुकानात, गादीवर, मोबाईलवर शूटिंग करत उघडलं.

महादेवीनं चकती परत आत घालून शिवून घेतलेली पर्स हळूच उजव्या कडेला नेली. काही नाही. डावीकडे नेली. स्क्रीन झोपला. गादीसमोर बसलेल्या दोन गिऱ्हाइकांचे हात आपोआप जोडले गेले.

"हात जोडू नका," ईरप्पा म्हणाला. "प्रत्येक लॅपटॉपात चुंबक असतंय. आणि तुमची ती साडी तशीच पिशवीत घालू नका. घडी मोडून बघा आधी."

वाचकहो, देवळातला नारळ न वाजवता घरी न्या, त्यात कुणाचं काही जात नाही. पण पैसे मोजून वस्तू घेताना ती उघडा, चालवा, प्रश्न विचारा. उघडू नका, नुसती श्रद्धा ठेवा असं जो सांगतो, त्याच्याकडची वस्तू सगळ्यात आधी उघडून बघा. आणि ती बंद निघाली, तर घरातल्या सुनेची सावली शोधू नका. बॅटरी शोधा.