अहवाल लिहिणारी

सिंगापूरमध्ये बुकित तिमाहच्या कॉन्डोतल्या फंक्शन रूममध्ये बसून दोन तास झाले, तरी पत्राचं पहिलं वाक्य ठरत नव्हतं. ‘तीव्र निषेध’ की ‘गंभीर चिंता’, यावर विक्रांत आणि नंदाताई अडून बसले होते. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या हक्कांसाठी हा पाच जणांचा गट दोन वर्षं सभा घेत होता. सभेला समोसे मात्र न चुकता येत.

आज खरं काम होतं. मर्ल नावाच्या आदिवासी आजीचा सहा वर्षांचा नातू सरकारने तीन वर्षांपूर्वी उचलून परक्या घरी ठेवला होता. तो परत द्यायचा की नाही, हे उद्या सकाळी कोर्ट ठरवणार होतं. मर्लच्या वकिलाला पाचच्या आत पत्र हवं होतं आणि चार कधीच वाजून गेले होते. हे प्रकरण गटाकडे आणणाऱ्या प्रणिताचं डोकं उठलं होतं.

“पाठवा हो एकदाचं,” ती म्हणाली.

“असं कसं? लेटरहेडवर जाणार आहे,” विक्रांत म्हणाला. “आणि ज्यावरून पोराला उचललं, तो अहवाल वाचलास ना? मूल आज आजीकडे झोपतं, उद्या मावशीकडे, म्हणून त्याची हेळसांड होते म्हणे. कुठल्या दगडाने लिहिलंय कोण जाणे.”

तेवढ्यात प्रणिताचा फोन वाजला. तिने तो स्पीकरवर घेतला. हौगांगहून तिची नणंद अनुया बोलत होती. “वहिनी, राजस इथेच राहतो म्हणतोय. उद्या त्याची मावशी त्याला बेडोकला नेईल.”

मागून प्रणिताचा मुलगा राजस ओरडला, “ममा, आय स्टे हिअर, लाह!”

नंदाताई हसल्या. “नशीबवान आहे हो पोरगं. तीन-तीन घरं.”

प्रणिताला हसू आलं नाही. ऑस्ट्रेलियात बालकल्याण खात्यात नोकरीला असताना, मुलाला स्वतःचा पलंग आहे का हे बघायला ती वही घेऊन लोकांच्या घरातले पलंग मोजत फिरली होती. ती स्वतः मामाकडे वाढलेली, पण तेव्हा ते आठवलं नाही. दोन वर्षं ती याच शरमेने सभांना येत होती आणि गप्प बसत होती. तिला स्वतःचाच संताप आला.

“तो दगड मी,” ती म्हणाली. “अहवाल माझा आहे.”

विक्रांत म्हणाला, “मग तुझं नाव नको. गटाची बदनामी होईल.”

“कोर्टाला गटाचं काय करायचंय, विक्रांत?”

तिने लॅपटॉप ओढून घेतला. ‘त्या मुलाला घर होतं. मला ते ओळखता आलं नाही,’ असं लिहून तिने खाली ‘अहवाल लिहिणारी’ म्हणून सही केली आणि पत्र पाठवून दिलं. मग ती बाहेर व्हरांड्यात गेली आणि हे स्वतः सांगायला तिने मर्लला फोन लावला.