बिनबाईचं नाटक

वकिलाचं पहिलंच वाक्य वाचताना भीमाशंकरअप्पांनी खांद्यावरचा नसलेला पदर सावरला.

मठाच्या ओवरीत बसलेले तिघेही हसले. नाटक बसवणाऱ्या बसवंतरावांनी पुस्तक मिटलं.

"अप्पा, तुमी वकील हाव. अशिलाला दम द्यायलाव. लाजायलाव कशाला?"

"इतक्या वर्षांची सवय हाय. एका दिवसात कशी जाईल?"

अप्पांचं चारठाणा गावात कापडाचं दुकान होतं, आणि मंडळीच्या प्रत्येक नाटकात नायिका तेच होत. यंदा पुरुष होण्याची संधी आली ती निजामाच्या पोलीस ठाण्यातल्या अमीनसाहेबांमुळे. तालमीला चारपेक्षा जास्त माणसं जमली तर तो बेकायदा जलसा धरला जाईल, असं त्यांनी बजावलं होतं. त्यामुळे राजे, ऋषी, दासी असलेली सगळी पौराणिक नाटकं बाद झाली. पुण्याहून मागवलेल्या नव्या नाटकांत चार पात्रांची दोनच निघाली. एकात चौघेही पुरुष, दुसऱ्यात तीन पुरुष आणि एक बाई. अप्पांनी पहिल्याचा हट्ट धरला. पोराचं लग्न ठरत होतं. होणाऱ्या व्याह्यांसमोर शालू नेसून उभं राहायची त्यांची तयारी नव्हती.

"उद्या परत वाचू," बसवंतराव म्हणाले. "जमलं तर हेच. न्हाई तर दुसरं, आन् तुमी परत बाई."

अप्पा घरी आले. बाई रागावली की हात कुठं ठेवते, रडू आवरताना कुठं बघते, हे सगळं ते दरवर्षी बायकोला, नागुबाईंना, विचारत. पण पुरुष कसा बसतो हे त्यांना कसं विचारायचं? जेवण होईपर्यंत त्यांनी दम धरला.

"अगं, बड्या माणसाचा रुबाब कसा दिसतो? मला जमंना."

"त्यात काय अवघड हाय?"

नागुबाईंनी हात पुसले आणि त्या थेट अप्पांच्या गादीवर जाऊन बसल्या. लोडाला टेकल्या. एक गुडघा उभा केला. कुणाकडेही न बघता म्हणाल्या,

"पाणी."

आवाज चढवला नाही. नुसता तळवा पुढे केला आणि तो तसाच ठेवला. पेला आपणहून हातात येणार, याची त्या हाताला खात्री होती.

अप्पा खो-खो हसले. "हुबेहूब बसवंतराव!"

"बसवंतरावांच्या घरी मी कवा गेले?"

हात अजून पुढेच होता. अप्पांचं हसू हळूहळू ओसरलं. थोड्या वेळाने ते उठले आणि पाण्याचा पेला भरून घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी वकिलाने पहिलं वाक्य म्हटलं, मान वर न करता "पाणी" म्हणून तळवा पुढे केला. अशील झालेले पेडगावचे दिनकरराव, दोनशे एकरांचे मालक, उठून माठाकडे गेले.

"अवो दिनकरराव, बसा! पुस्तकात पाणी न्हाई!" बसवंतराव ओरडले.

हातातल्या भरल्या पेल्याकडे दिनकरराव आश्चर्याने बघत राहिले.

"ठरलं. हेच नाटक!" बसवंतरावांनी मांडीवर थाप मारली.

कारकून झालेल्या रामलिंगने विचारलं, "अप्पा, कुणाची नक्कल हो ही? लय खडूस माणूस दिसतो."

"हाय एक," अप्पा म्हणाले. "कालच ओळख झाली."